पंचवीस एच-सात आणि द्वोर्झाकची नववी

सिन्नरच्या औद्योगिक वसाहतींत, माळेगावला असो की मुसळगावला, यंत्रावर किंवा तपासणीच्या टेबलावर काम करणाऱ्या माणसाला एक गोष्ट पहिल्या वर्षातच कळते. ड्रॉइंगवरचे माप आणि हातात आलेला जॉब कधीच तंतोतंत जुळत नाहीत, आणि जुळावेत अशी कोणाची अपेक्षाही नसते. पंचवीस मिलिमीटरच्या भोकापुढे ‘एच-सात’ लिहिलेले असेल, तर ते भोक २५.००० ते २५.०२१ मिलिमीटरच्या दरम्यान कुठेही चालते. ही एकवीस मायक्रॉनची जागा ड्रॉइंग काढणाऱ्याने समजून-उमजून मोकळी ठेवलेली असते. एका शॉपमधून २५.००४ चे भोक येते, दुसऱ्यातून २५.०१८ चे. दोन्ही जॉब पास होतात, दोन्ही त्याच ड्रॉइंगशी प्रामाणिक असतात, आणि तरीही ते एकसारखे नसतात. वर्षानुवर्षे बोअर गेज आणि मायक्रोमीटर हातात धरून ही गोष्ट अंगवळणी पडली, म्हणूनच एकाच सिंफनीची वेगवेगळ्या संचालकांनी केलेली ध्वनिमुद्रणे ऐकताना मला वेगळा प्रश्न पडतो. बहुतेक श्रोते विचारतात, यातले बरोबर कोणते? मला वाटते, आधी विचारायला हवे की मूळ लिखाणाने जागा कुठे मोकळी ठेवली आहे, कुठे ठेवलेली नाही, आणि त्या मोकळ्या जागेत संचालकाने घेतलेले निर्णय एकमेकांत बसतात की नाही. या लेखात मला एवढेच मांडायचे आहे. त्यासाठी पुरावा म्हणून अंतोनीन द्वोर्झाक या चेक संगीतकाराची नववी सिंफनी घेतो, कारण तिच्याइतकी अनेकांनी आणि इतक्या वेगवेगळ्या तऱ्हांनी मुद्रित केलेली सिंफनी क्वचितच असेल.

द्वोर्झाक १८९२ साली न्यूयॉर्कला गेला. जनेट थर्बर या बाईंनी चालवलेल्या नॅशनल कॉन्झर्व्हेटरीचा संचालक म्हणून त्याला बोलावले होते आणि १८९५ पर्यंत तो तिथे राहिला. ‘नव्या जगातून’ या नावाने ओळखली जाणारी ही सिंफनी त्याने १८९३ मध्ये पूर्ण केली. हॅरी बर्ली हा त्या संस्थेतला कृष्णवर्णीय विद्यार्थी त्याला आपल्या समाजाची भक्तिगीते गाऊन दाखवत असे, आणि अमेरिकेचे उद्याचे संगीत या सुरांवर उभे राहील असे द्वोर्झाक उघडपणे म्हणत असे. पहिला प्रयोग १६ डिसेंबर १८९३ रोजी कार्नेगी हॉलमध्ये झाला. वाद्यवृंद न्यूयॉर्क फिलहार्मोनिकचा होता आणि संचालक अँटन झाइडल. पुढच्या वर्षी बर्लिनच्या झिमरॉकने स्वरलिपी छापली आणि द्वोर्झाक समुद्रापार असल्यामुळे तिची मुद्रिते ब्राह्म्सने तपासली. एवढ्या थोर संगीतकाराने दुसऱ्याची मुद्रिते तपासायला बसावे, यात मला त्या काळच्या कारागिरीची सारी प्रतिष्ठा दिसते. म्हणजे ड्रॉइंग पक्के होते, छापील होते आणि जाणकाराच्या नजरेखालून गेलेले होते.

इथेच पहिला आक्षेप येतो, आणि आपल्याकडचे रसिक तो हमखास घेतात. पाश्चात्त्य संगीतात सारे कागदावर लिहिलेले असते, मग संचालकाने करायचे काय उरते? आपला गवय्या दोन ओळींच्या बंदिशीतून तास-दीड तासाचा ख्याल उभा करतो, तिथे गायकागणिक फरक पडणे समजू शकते. शंभर वाद्यांचा प्रत्येक स्वर छापलेला असताना फरक पडेल तरी किती? हा आक्षेप वरवर बिनतोड वाटतो, पण स्वरलिपी उघडून पाहिली की तो टिकत नाही. दुसऱ्या भागाच्या माथ्यावर ‘लार्गो’ हा शब्द आहे, म्हणजे संथ आणि विस्तीर्ण. शेजारी मेट्रोनोमचा आकडा आहे, मिनिटाला ५२ मात्रा. हा वेग शेवटपर्यंत धरला तर तो भाग दहा मिनिटांच्या आसपास संपतो. प्रत्यक्षात नावाजलेल्या मुद्रणांत तो अकरा ते साडेबारा मिनिटांच्या आतबाहेर असतो. म्हणजे जवळजवळ सगळेच संचालक लिहिलेल्या आकड्यापेक्षा सावकाश जातात, आणि त्यात स्वतःला लिखाणाचे दास म्हणवणारेही आले. यामागचा इतिहास बोलका आहे. अभ्यासकांचे म्हणणे असे, की द्वोर्झाकने या भागाला आधी थोडी जलद लय नेमली होती, तालमीत झाइडलने तो अधिक सावकाश वाजवला, आणि ते ऐकून द्वोर्झाकनेच शब्द बदलून ‘लार्गो’ केला. आमच्या भाषेत सांगायचे तर पहिला नग बनल्यावर डिझाइनरने शॉपमध्ये येऊन ड्रॉइंग सुधारले. संचालकाचा हात या कृतीत पहिल्या दिवसापासून आहे, तो नंतर कोणी घुसवलेला नाही.

आता ही मोकळी जागा किती ताणता येते ते पाहू. लेनर्ड बर्नस्टाईनने ही सिंफनी १९६२ साली न्यूयॉर्क फिलहार्मोनिकबरोबर मुद्रित केली. त्यातला लार्गो सुमारे बारा मिनिटांचा आहे. त्यानेच १९८६ मध्ये इस्रायल फिलहार्मोनिकबरोबर ती पुन्हा मुद्रित केली, आणि तिथे तोच लार्गो अठरा मिनिटांच्याही पुढे जातो. सरासरी काढली तर एका मात्रेला दोन सेकंदांहून जास्त वेळ लागतो. स्वरलिपीतल्या आकड्याप्रमाणे तो सव्वा सेकंदाच्याही आत असायला हवा. नुसत्या गेजने तपासले तर हा जॉब सरळ रिजेक्ट होईल. पण तेवढ्यावर थांबणे मला योग्य वाटत नाही. अमीर खाँसाहेबांचा झुमऱ्यातला अतिविलंबित ख्याल ज्यांनी मन लावून ऐकला आहे, त्यांना लय कमी झाली म्हणजे चूक झाली असे कोणी पटवू शकणार नाही. तिथे दोन मात्रांमधली जागा रिकामी नसते. आलाप, मींड, एखाद्या स्वराकडे पुन्हा पुन्हा वळणे यांनी ती भरलेली असते. गवय्या लय उतरवतो तेव्हा त्या मोकळ्या जागेत नवे स्वर घालण्याचा अधिकारही त्याच्याकडे असतो. सिंफनीच्या संचालकाला तो अधिकार नाही. लय कितीही उतरवली तरी स्वर तेवढेच राहतात, त्यामुळे वाढलेला वेळ स्वराच्या टिकण्यानेच भरून काढावा लागतो. लार्गोची ती प्रसिद्ध धून इंग्लिश हॉर्न या वाद्यावर आहे. ओबोचाच हा खर्जातला थोरला भाऊ, माणसाच्या फुंकरीवर चालणारा. इथे मर्यादा छातीतल्या हवेची आहे. १९८६ च्या मुद्रणातल्या वादकाने ती धून विलक्षण सांभाळली आहे, त्याबद्दल आदरच वाटतो. तरीही वाक्य संपेपर्यंत त्याची सुरुवात कानातून निसटते. वाक्य एका दमात ऐकू येणे ही त्या धुनेची गरज आहे, आणि ती गरज कागदावरच्या आकड्यापेक्षा मोठी आहे.

तरीही केवळ या एका कारणासाठी मी त्या मुद्रणाला नापसंत म्हणणार नाही. खरे कारण जोडणीचे आहे, आणि माझ्या कामाने मला दिलेली सर्वांत उपयोगाची गोष्ट म्हणजे जोडणीचा विचार. पंचवीसच्या भोकात शाफ्ट बसवायचा असतो. शाफ्टवर ‘जी-सहा’ लिहिले असेल तर तो २४.९८० ते २४.९९३ मध्ये असतो आणि भोकात हाताने सरकतो. ‘पी-सहा’ असेल तर २५.०२२ ते २५.०३५ मध्ये असतो आणि प्रेसने दाबून बसवावा लागतो. भोक दोन्हीकडे तेच. ते चांगले की वाईट हे एकट्या भोकाकडे पाहून ठरत नाही, समोर काय येणार यावर ठरते. कित्येक ठिकाणी तर जोड्या निवडून लावतात. मोठ्या अंगाचे भोक मोठ्या अंगाच्या पिस्टनबरोबर, लहान लहानाबरोबर. सुटे पाहिले तर दोन्ही टोकाचे, पण जोडी एकदम बरोबर. सिंफनीच्या चार भागांचेही असेच आहे, आणि ही नुसती उपमा नव्हे. द्वोर्झाकने हे भाग खरोखरच एकमेकांत बसवले आहेत. पहिल्या भागात हॉर्नवर वर चढणारी जी मुख्य धून येते, ती लार्गोच्या ऐन भरात पितळी वाद्यांवर पुन्हा उसळते. चौथ्या भागात तर सगळेच परत येतात, पहिल्या भागाची धून, लार्गोची धून, तिसऱ्या भागाचा ठेका. लार्गोच्या सुरुवातीला जी गंभीर स्वरसंहतींची रांग आहे, ती शेवटी पूर्ण वाद्यवृंदाच्या गर्जनेत ऐकू येते. मागे ऐकलेले पुन्हा समोर आल्यावर ओळख पटली पाहिजे, एवढ्यासाठीच ही सारी रचना आहे.

या कसोटीवर बर्नस्टाईनचे १९८६ चे मुद्रण माझ्या मते कमी पडते. त्यातले बाकीचे तीन भाग लार्गोइतके ताणलेले नाहीत, ते नेहमीच्या वेगाच्या बरेच जवळ आहेत. त्यामुळे चौथ्या भागात लार्गोची धून जलद लयीत येते तेव्हा ती जुनी ओळखीची म्हणून येत नाही, कोणी परकीच वाटते. भोक एका ग्रेडचे, शाफ्ट दुसऱ्या ग्रेडचा. उलट त्याचेच १९६२ चे मुद्रण घ्या. ते उतावळे आहे, काही ठिकाणी धसमुसळेही आहे, पण त्याचे चारही भाग एकाच घरचे आहेत. कारेल आन्चेर्लने १९६१ साली चेक फिलहार्मोनिकबरोबर केलेल्या मुद्रणात ही जोडणी सर्वांत घट्ट आहे असे माझे मत आहे. त्याचा लार्गो बारा मिनिटांच्या आसपासचा, त्यात हुंदका कुठे नाही, आणि पहिल्या भागाची धून त्यात शिरते तेव्हा ती बाहेरून आणून ठोकल्यासारखी वाटत नाही. शेवटच्या भागात तर लार्गोच्या संहती येताक्षणी कान म्हणतो, हीच ती. वर्षानुवर्षे जोडणी तपासणाऱ्या हाताला जो ‘बसल्याचा’ अंदाज येतो, तो इथे कानाला येतो.

यावर कोणी म्हणेल, तुम्ही घड्याळ लावून संगीत मोजता आहात. हा आक्षेप मला मान्य आहे, आणि त्याचे उत्तरही शॉपमध्येच आहे. माप बरोबर येणे ही अर्धी तपासणी झाली. ड्रॉइंगवर पृष्ठभागाचाही आकडा असतो. माप तेच असलेले दोन शाफ्ट घ्या, एक ग्राइंड केलेला, एक नुसता टर्न केलेला. नखाने स्पर्श केला तरी फरक कळतो, आणि वापरात तर नक्कीच कळतो. जवळजवळ सारख्याच वेळेची दोन मुद्रणे ऐकली की असेच होते. क्लीव्हलंडच्या वाद्यवृंदाबरोबर जॉर्ज सेलने केलेले मुद्रण हे ग्राइंडिंगचे काम आहे. सगळे व्हायोलिनवादक एकाच गजाने वाजवत असावेत इतके ते एकजीव आहे, प्रत्येक स्वराची कड स्वच्छ. प्रागच्या वाद्यवृंदाचा पृष्ठभाग वेगळा. त्या काळच्या चेक हॉर्नवादकांच्या स्वरात एक हलका कंप असे, त्यामुळे ते वाद्य माणसाच्या गळ्याजवळ येते. लाकडी सुषिर वाद्यांचा आवाजही बारीक आणि थोडा गावाकडचा. सेलची सफाई मला थक्क करते, पण पहिल्या भागात बासरीवर ती भोळी धून येते तेव्हा मला प्रागचाच कस हवासा वाटतो. या बासरीच्या धुनेला बहुतेक संचालक लय थोडी उतरवतात, स्वरलिपीत तशी सूचना नसतानाही. किती उतरवायची यावर त्या संचालकाची सारी अभिरुची उघडी पडते. मान थोडी वळवून पाहावे इतकी उतरवली तर गोड वाटते, पाय थबकले की पुढचा सगळा वेग कृत्रिम होतो.

आणखी एक आक्षेप अधिक गंभीर आहे. ध्वनिमुद्रणात ऐकू येते ते संचालकाचे असते की मायक्रोफोन लावणाऱ्याचे? आर्तुरो टोस्कानिनीचे १९५३ चे मुद्रण एकमार्गी, कोरडे आणि जवळून घेतलेले आहे. ते कार्नेगी हॉलमध्ये झाले, म्हणजे सिंफनीचा जन्म झाला त्याच वास्तूत, पण ते ऐकताना त्या वास्तूचा घुमारा फारसा कळत नाही. त्याही आधी, ७८ फेऱ्यांच्या तबकडीच्या काळात, एका बाजूला चार-साडेचार मिनिटांपलीकडे जागाच नसे. मग लार्गोचे तुकडे करावे लागत आणि वादक दर बाजूला थांबून पुन्हा सुरू होत. टेप आल्यावर वेगवेगळ्या वेळी वाजवलेले तुकडे जोडणे शक्य झाले. हे सगळे खरे आहे. जॉबवरही एकट्या ऑपरेटरचा हात नसतो. मशीनची अवस्था, इनसर्टची धार, कूलंट, बारची जात यांचा वाटा असतोच. पण म्हणून ऑपरेटरचा वाटा ओळखता येत नाही असे नाही. त्याची रीत ठरलेली आहे, एक गोष्ट बदलायची आणि बाकीच्या शक्य तितक्या स्थिर ठेवायच्या. चेक फिलहार्मोनिकबरोबर वाच्लाव तालिखचे १९५४ चे मुद्रण आहे, आन्चेर्लचे १९६१ चे आहे, आणि राफाएल कुबेलिकचे १९९१ चे. वाद्यवृंद तोच, परंपरा तीच. तरीही तालिख ओळीच्या आत लय वाकवतो, गाणाऱ्याने शब्दाला थोडे थांबावे तसा. आन्चेर्ल ओळ सरळ ठेवतो आणि ठेका जागा ठेवतो. कुबेलिकचे म्हातारपणीचे मुद्रण रुंद आहे, कशाची घाई नसलेले. हा फरक मायक्रोफोनच्या माथी मारता येत नाही. उलट बाजूने पाहायचे तर इश्तवान केर्टेसची दोन मुद्रणे आहेत, १९६१ चे व्हिएन्नात आणि १९६६ चे लंडनमध्ये. वाद्यवृंद बदलला, शहर बदलले, तरी पायांत स्प्रिंग असल्यासारखा त्याचा ठेका दोन्हीकडे ओळखू येतो.

मोकळ्या जागेबद्दल इतके बोललो, आता जिथे जागा मोकळी नाही तिथले सांगतो. पहिल्या भागाचा आरंभीचा मोठा खंड पुन्हा वाजवावा अशी खूण स्वरलिपीत स्पष्ट छापलेली आहे. तो वाजवला तर सुमारे तीन मिनिटे वाढतात, नऊ मिनिटांचा भाग बारा मिनिटांचा होतो. केर्टेसने लंडनच्या मुद्रणात ती पुनरावृत्ती घेतली आहे. टोस्कानिनी, सेल आणि माझा आवडता आन्चेर्ल यांनी ती गाळली आहे. इथे मी आवडत्याची बाजू घेणार नाही. लय किती, ही ड्रॉइंगने मोकळी ठेवलेली बाब होती. पुनरावृत्ती ही लिहिलेली बाब आहे. ती गाळणे हे डेव्हिएशन आहे. डेव्हिएशन घेऊन जॉब पास करता येतो, रोज होतात, पण तसे कागदावर नोंदवून, ठीकच आहे असे भासवून नव्हे. गाळणाऱ्यांच्या बाजूने सांगतात, की धून लोकांना आता तोंडपाठ आहे, पुन्हा कशाला? मला हे पटत नाही. पुनरावृत्ती ओळख करून देण्यापुरती नसते. तिने पहिल्या भागाला वजन येते, आणि ते वजन असले तरच पुढचा लार्गो पेलला जातो. केर्टेसच्या मुद्रणात पहिला भाग बारा मिनिटांचा आणि लार्गोही तेवढाच. दोन्ही पारडी समान झाल्यावर सिंफनी कशी स्थिर उभी राहते, ते ऐकूनच कळते. याहून पुढे जाणारे संचालकही होते. लिओपोल्ड स्टोकोव्हस्की वाद्ययोजनेत स्वतःची भर घालत असे. या अख्ख्या सिंफनीत द्वोर्झाकने झांजेचा फक्त एक आघात लिहिला आहे, चौथ्या भागात, तोही हळू. आणि ट्यूबा हे अजस्र वाद्य फक्त लार्गोमध्ये, मोजक्या स्वरांपुरते वाजते. एका आघातासाठी झांज मांडून ठेवणाऱ्या रचनाकाराला काय हवे आणि काय नको हे नेमके ठाऊक होते. त्याच्या कामात भर घालणे म्हणजे ड्रॉइंगच बदलणे, आणि त्याला मी अन्वयार्थ म्हणणार नाही.

चेक संगीत चेक माणसानेच वाजवावे, असेही एक मत ठामपणे मांडले जाते. आपल्याकडच्या घराण्याच्या अभिमानाशी त्याचे नाते आहे, म्हणून ते आपल्याला लगेच पटते. त्यामागे दुःखाचाही इतिहास आहे. आन्चेर्ल ज्यू होता. नाझींनी त्याला तेरेझीनला आणि तिथून ऑश्विट्झला पाठवले. तो वाचला, त्याचे आईवडील, पत्नी आणि मुलगा वाचले नाहीत. १९५० पासून त्याने चेक फिलहार्मोनिक घडवली, आणि १९६८ मध्ये सोव्हिएत रणगाडे प्रागमध्ये शिरल्यावर देश सोडून तो टोरांटोला गेला. कुबेलिकने १९४८ मध्येच देश सोडला होता, तो परतला १९९० साली. अशा माणसांच्या हातून मायदेशाची आठवण सांगणारी ही सिंफनी ऐकताना मन हेलावते, हे मी नाकारत नाही. पण हेलावणे हा पुरावा नव्हे. ही सिंफनी न्यूयॉर्कमध्ये लिहिली गेली, अमेरिकन वाद्यवृंदाने प्रथम वाजवली, आणि तिचा पहिला संचालक झाइडल हा पेस्ट शहरात जन्मलेला. सेल बुडापेस्टचा, केर्टेसही बुडापेस्टचा. आणि तिघे चेक संचालक एकमेकांपासून किती वेगळे आहेत ते वर आलेच. चेक असण्याने जर एकच उत्तर मिळत असते, तर तालिख आणि आन्चेर्ल यांच्यात इतके अंतर पडले नसते.

हे सारे सिन्नरला बसून का ऐकायचे, असा प्रश्नही येतो, आणि तो विचारणाऱ्याला मी मुंबईकडे बोट दाखवतो. बोहेमियातल्या कार्ल्सबादला जन्मलेला वॉल्टर कॉफमन हा ज्यू संगीतकार १९३४ साली हिटलरच्या छायेतून निघून मुंबईला आला. १९३७ ते १९४६ तो आकाशवाणीच्या मुंबई केंद्रावर पाश्चात्त्य संगीताचा प्रमुख होता. आकाशवाणीची सभा सुरू होताना वाजणारी ती ओळखधून त्याचीच मानली जाते. गोदाकाठच्या आणि देवनदीकाठच्या प्रत्येक रेडिओतून पहाटे निघणारा तो सूर द्वोर्झाकच्या मुलखातल्या माणसाने बांधलेला मानला जातो. त्याच मुंबईत मेहली मेहतांनी १९३५ मध्ये बॉम्बे सिंफनी ऑर्केस्ट्रा उभा केला, आणि त्यांचा मुलगा झुबिन पुढे लॉस एंजेलिसच्या वाद्यवृंदाचा संचालक झाला. तिथे १९७० च्या दशकाच्या मध्याला त्यानेही ही सिंफनी मुद्रित केली. तिची पितळी वाद्ये भरदार आहेत, रंग गडद आहेत, आणि मला ती आन्चेर्लच्या मुद्रणापेक्षा डावी वाटते, कारण तिथे प्रत्येक प्रसंग सुटा उठून दिसतो आणि सांधे मागे पडतात. आपला म्हणून तिला झुकते माप देणे मला जमणार नाही. आणि नियम एक असूनही कृती वेगळी होते हे समजून घ्यायला आपल्याला प्रागला जाण्याचीही गरज नाही. सिन्नरचे गोंदेश्वर आणि अंबरनाथचे शिवमंदिर दोन्ही भूमिज शैलीची. शिखराचा नियम एकच, तरी यादवांच्या काळातले हे पंचायतन आणि शिलाहारांचे ते मंदिर शेजारी ठेवले तर कोणी एकाला दुसऱ्याची नक्कल म्हणणार नाही.

शेवटी राहतो तो सर्वांत सोपा आक्षेप. ज्याला जे आवडेल ते चांगले, मग इतकी चिरफाड का? आवड प्रत्येकाची आपापली असते हे खरे, पण निर्णय आवडीपेक्षा वेगळा असतो आणि त्याची कारणे दुसऱ्यापुढे ठेवता येतात. मी वर ठेवली ती कारणे कोणालाही स्वतः तपासून पाहता येतील अशी आहेत. पुनरावृत्ती घेतली की गाळली, बासरीपाशी लय किती मोडली, लार्गोची धून शेवटच्या भागात ओळखू आली की नाही. यावर वाद घालता येतो, आणि असा वाद व्हावा हीच माझी इच्छा आहे. आमच्याकडेही एखादा जॉब पास की नापास यावर दोन जाणते तपासनीस भांडतात, पण भांडताना दोघांच्या हातात तेच ड्रॉइंग असते.

ज्याने ही सिंफनी कधी ऐकली नाही त्याला एवढेच सांगणे आहे. आधी आन्चेर्लचे १९६१ चे मुद्रण ऐका, मग पुनरावृत्तीसाठी केर्टेसचे १९६६ चे, आणि त्यानंतर बर्नस्टाईनचे १९८६ चे. पाऊण तासाच्या आतबाहेरचे काम आहे प्रत्येकी. लार्गो तेवढा सुटा काढून ऐकू नका, चारही भाग सलग ऐका. अगदी शेवटी तंतुवाद्ये थांबतात आणि सुषिर वाद्यांची एक संहती उरते, जी द्वोर्झाकने विझत विझत नाहीशी व्हायला सांगितली आहे, पण किती वेळ ते त्याने लिहिलेले नाही. ती संहती तिन्ही मुद्रणांत किती टिकते, ते कान देऊन ऐका.